सहाशे डावे पाय

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. पुढे काय निघालं, कोण कुणाला काय बोललं, ते सगळं खरं असलं तरी बटण मी दाबलं. बाबा मला लहानपणापासून ‘घाई’ म्हणतात. घरात, दुकानात, गिऱ्हाइकासमोर, कुठेही. “घाई, ती आरी दे.” “घाई, दार लाव.” पंचेचाळीस वर्षांची झाले तरी मी घाईच. मी चिडणं कधीच सोडून दिलंय, कारण चिडले की ते म्हणतात, “बघा, हिला चिडायचीसुद्धा घाई.”

आमचं दुकान बुटांचं. म्हणजे काचेत मांडलेले आठ नंबर, नऊ नंबर, तसलं नाही. ज्यांचा पाय बाजारातल्या कुठल्याच बुटात बसत नाही त्यांचे बूट आम्ही करतो. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाची बोटं मधुमेहानं गेलेली असतात, कुणाचा घोटा अपघातानंतर वाकडा जुळलेला असतो. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या, एक बसकं स्टूल आणि पाय ठेवायला फळी. मागच्या खोलीत चामडं, लाकडी साचे, शिलाईचं मशीन आणि सोल्युशनचा वास. माप बाबा घेतात, साचा बाबा घासतात, तळ बाबा लावतात. वरचं चामडं कापणं आणि शिवणं माझ्याकडे. गिऱ्हाइकांशी बोलणंही माझ्याकडे, कारण बाबांना बोलायचा कंटाळा. दिवसाला चाळीस शब्द खर्च केले तर त्यांना थकवा येतो.

त्यांचा एक हट्ट आहे. जोडी असं काही नसतंच, असं ते म्हणतात. “जोडी दुकानदाराला दिसते. माणसाला दोन पाय असतात. सख्खे भाऊ असले म्हणून स्वभाव एक असतो का?” म्हणून डाव्याचं माप आधी घ्यायचं, कागद उलटा ठेवायचा, गिऱ्हाइकाला दहा मिनिटं बसवून ठेवायचं, मग नव्या कागदावर उजव्याचं. डाव्याचं बघून उजव्याचं लिहिलं असं होता कामा नये. जगात कुठल्याही दुकानात एका गिऱ्हाइकाची एक फाईल असते. आमच्याकडे कॉम्प्युटर आला तेव्हा बाबांनी एका बोटानं टाइप करत दोन फोल्डर केले, ‘डावा’ आणि ‘उजवा’. दोन्हींत सहाशेच्या वर फायली आणि दोन्हींत नावं तीच. ‘पोस्टमन’. ‘उंच वकील’. ‘शाळेच्या बाई’. ‘पोहणारा’. प्रत्येक फाईलमध्ये पायाची रेखलेली आकृती, बारा आकडे आणि खाली बाबांची टिपणं. पोस्टमनच्या डाव्यात लिहिलं होतं, ‘करंगळीला वर जागा ठेवणे. लाजतो, दुखतं म्हणत नाही.’

तोंडानं न बोलणारा माणूस तिथे असा भरभरून बोलायचा.

दोन्ही फोल्डरमध्ये ‘आई’ नावाचीही एक एक फाईल होती. आई म्हणजे माझी आई. तिचा डावा पाय लहानपणी मोडला आणि कुणीतरी तो धड बसवला नाही. तो आखूड राहिला, टाच आत वळली. बूट घातल्याशिवाय तिला घरातसुद्धा दोन पावलं टाकता येत नाहीत. ती बाबांची आधी गिऱ्हाईक होती, मग बायको झाली, आणि गेली अकरा वर्षं पुन्हा गिऱ्हाईकच आहे.

अकरा वर्षांपूर्वी ती मावशीकडे राहायला गेली. भांडण कशावरून झालं हे आईला विचारलं तर एक उत्तर मिळतं, बाबांना विचारलं तर मिळतच नाही. माझ्या मते मोठं भांडण झालंच नाही. जो माणूस दिवसाला चाळीस शब्द बोलतो आणि त्यातले पस्तीस गिऱ्हाइकांच्या पायांबद्दल, त्याच्यासमोर बसून जेवायचा तिला वीट आला. जाताना ती एवढंच म्हणाली, “बूट तुमच्याकडूनच घेईन. पण मापाला मी इथे येणार नाही. फाईल आहे तेवढी पुरे.” बाबा “बरं” म्हणाले. तेव्हापासून वर्षाला एक जोड होतो. बाबा करतात, मी खोक्यात घालून नेऊन देते, ती घेते. तो बूट आणि ती फाईल सोडली तर त्या दोघांत काही उरलेलं नाही. दिवाणखान्यातला फोटोसुद्धा मावशीकडे गेलाय.

जुना कॉम्प्युटर सुरू करून चहा टाकला तर चहा आधी व्हायचा. मार्चमध्ये तो दिवसातून दोनदा आपणहून बंद पडायला लागला, तेव्हा मी नवा मागवला. बाबा साच्यावर कानस चालवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “सगळं येईल ना त्यात?”

“सगळं येईल. घराचं सामान नाही हलवायचंय, फायली हलवायच्यात.”

“लोकांचं सोड. लोक येत राहतात. आईची फाईल नीट आण.”

मी “हो हो” म्हटलं. दोनदा म्हटलं, म्हणजे नीट ऐकलं नव्हतं.

सोमवारी दुपारी कॉम्प्युटरवाला आला, त्यानं नवा मांडला, जुन्याच्या शेजारी वायर जोडून दिली आणि म्हणाला, “ताई, हवं ते इकडून तिकडे ओढा. मी तासाभरात येऊन जुना घेऊन जातो.” मी हौसेनं बसले. म्हटलं, आता नवीन आहे तर जरा टापटीप करू. दोन फोल्डरांत शोधत बसायचं कशाला? ‘गिऱ्हाइकं’ असं एक फोल्डर करू, त्यात प्रत्येकाचे दोन्ही पाय शेजारी शेजारी राहतील. बाबांचा हट्ट बाबांपाशी. आधी ‘डावा’ उघडून सगळ्या फायली त्यात ओढल्या. छान आल्या. मग ‘उजवा’ उघडला, सगळ्या ओढल्या आणि नेमका तेव्हा चामडेवाल्याचा फोन आला. त्यानं मऊ चामड्याऐवजी पिशव्यांचं जाड चामडं पाठवलं होतं आणि वर मलाच शिकवत होता की दोन्ही एकच. माझं डोकं फिरलं. फोन खांद्यात धरून मी त्याला सुनावत होते आणि समोर पडद्यावर काहीतरी प्रश्न आला होता. याच नावाच्या फायली इथे आहेत, त्यांच्या जागी या ठेवू का, वगैरे. यंत्रं सतत काहीतरी विचारतच असतात. मी ‘सगळ्यांसाठी हेच’ यावर टिचकी मारली, ‘हो’ केलं आणि चामडेवाल्याला म्हटलं, “दोन्ही एकच असेल तर त्याची चप्पल करून तुम्हीच घाला.”

तिकडे चामडेवाला नरमला. इकडे सहाशे उजवे पाय सहाशे डाव्या पायांवर जाऊन बसले.

तासाभरानं कॉम्प्युटरवाला जुना उचलून घेऊन गेला. दारात मी त्याला बजावलं, “लोकांची खाजगी माहिती आहे यात. आजच्या आज सगळं पुसा, काही ठेवू नका.” स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. नुसता माझ्या नाही, सहाशे लोकांच्या डाव्या पायावर.

आठ दिवस कुणाला काही कळलं नाही. त्या आठवड्यात गिऱ्हाइकं आली ती सगळी नवी. पुढच्या मंगळवारी सकाळी बाबा हात पुसत माझ्या टेबलाशी आले. “आईच्या बुटाची वेळ झाली. दोन्ही कागद काढून दे.”

मी फोल्डर उघडलं. ‘आई’ एकच होती. उघडली तर नीट, सरळ, कुणाचाही असावा तसा पाय. उजवा. मी यादीत वर गेले, खाली गेले, सगळीकडे शोधलं. ‘पोस्टमन’ एकच. ‘पोहणारा’ एकच. तेव्हा पडद्यावरचा तो प्रश्न आठवला.

“मिळाली?” बाबा मागे उभे होते.

“प्रिंटर चालत नाहीये,” मी म्हटलं. “दुपारी देते.”

ते गेले. मी रस्त्यावर जाऊन कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, तुम्हीच म्हणालात ना, पुसा? मी त्याच दिवशी पुसून त्यावर नवीन सगळं चढवलं. गेला तो एका क्लासवाल्यांकडे.” तरी बिचारा त्या क्लासवाल्यांकडे जाऊन आला. दुपारी त्याचा फोन आला की तुकडे तुकडे मिळतायत, पण कुणाचा पाय आणि कुणाचे आकडे, काही पत्ता लागत नाही. पूर्वीचे कागद मीच सहा वर्षांपूर्वी रद्दीत घातले होते, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून. आणि साचे आम्ही ठेवत नाही. ठेवायचे म्हटलं तर आम्हाला फुटपाथवर राहावं लागेल. बूट झाला की तोच साचा घासून, भर घालून दुसऱ्याच्या कामाला येतो.

इतर गिऱ्हाइकांचं फार नाही. ती येणारच, पुन्हा माप घेता येईल. आई येणार नव्हती. आणि मावशी तिला दोन वर्षांपासून सांगत होती की हॉस्पिटलसमोर नवीन दुकान निघालंय, मशीनवर उभं राहायचं, दोन मिनिटांत माप, कशाला त्या माणसाच्या मिनतवाऱ्या? आई म्हणायची, “फाईल आहे तिथे, राहू दे.” ती फाईलच मी घालवली होती. मला रडू आलं. मी फार रडणारी बाई नाही, पण तिथे फुटपाथवर, फोन हातात धरून, चांगली रडले.

मग चोरासारखी पर्समध्ये टेप आणि मोठा कागद घालून मावशीकडे गेले. म्हटलं, गप्पा मारता मारता आईच्या पायाचं माप काढावं, कुणाला कळायचंही नाही. मावशी बाहेर गेली होती. आई स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, पायांत बूट. मी तिला म्हटलं, “दमली असशील. बस जरा, पाय चेपून देते.”

आईनं गॅस बंद केला. “पंचेचाळीस वर्षांत तू माझे पाय चेपले नाहीस. काय मोडलंस?”

मी सांगून टाकलं. सगळं, चामडेवाल्यासकट. ती ऐकत होती. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं खुर्ची ओढली, बसली आणि टेबलावरचा पाण्याचा ओघळ पुसला.

“डावाच गेला?”

“डावाच.”

“मग आता काय. जाईन त्या मशीनवाल्यांकडे. ताईनं नंबर आणलाच आहे. गुरुवारची वेळ घेते.”

“आई, मी घेते ना माप. आत्ता घेते.”

“तुला नाही येत,” ती म्हणाली. “वाईट वाटून घेऊ नकोस. तू शिवतेस छान. पण या पायाचं माप एकाच माणसाला येतं.”

“मग दुकानात ये. अर्ध्या तासाचं काम. मी पुढे थांबते, तुम्ही एक शब्द बोलू नका.”

“तेच तर,” आई म्हणाली. “एक शब्द न बोलता बसायला मी पुन्हा तिथे यायचं?” तिनं माझ्यासमोर फोन केला आणि गुरुवारी सकाळी अकराची वेळ घेतली.

दुकानात परत आले तर बाबा पुढच्या खोलीत पोस्टमनचा डावा पाय फळीवर ठेवून त्याचं माप घेत होते. म्हणजे त्यांनी कॉम्प्युटर उघडून बघितला होता. पोस्टमन मला बघून म्हणाला, “काय हो, माझा डावा पाय हरवलात म्हणे?” मी कसनुशी हसले. तो जाईपर्यंत बाबा गप्प होते, पण ते तसेही गप्पच असतात.

मी सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर केला. “कळलं मला. लोकांचं काही नाही. लोकांचे पाय लोकांजवळ आहेत.” मग विचारलं, “आईकडे गेली होतीस?”

“हो.”

“काय म्हणाली?”

“गुरुवारी मशीनवाल्यांकडे जाणार म्हणाली.”

बाबांनी टेप गुंडाळायला घेतली. नीट गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. मी म्हटलं, “तुम्हाला नाही आठवत? इतकी वर्षं त्याच पायाचे बूट करताय.”

“पाय आठवतो,” ते म्हणाले. “आकडे बारा असतात. एखादा आठवतो. एका आकड्यावर बूट होत नाही.”

आम्ही दोघं बसलो. भांडले असते तर बरं, असं मला दिवसातून दुसऱ्यांदा वाटलं. शेवटी मीच न राहवून बोलले. म्हटलं, “बाबा, एक बूट गेला म्हणून काय आभाळ कोसळत नाही. चांगलं दुकान आहे म्हणतात ते. तिला आरामच मिळेल.”

“हो,” बाबा म्हणाले. “आराम मिळेल.” मग ते उठून मागे गेले आणि दुकान बंद होईपर्यंत मला त्यांच्या कानशीचा आवाज आला नाही.

बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर बघते तर ते धुतलेला शर्ट घालून उभे. हातात पाय ठेवायची फळी, पिशवीत टेप, कागद, पेन्सिल. बाबा माप घ्यायला दुकानाबाहेर कधीही, कुणाकडेही गेलेले नाहीत. एका मोठ्या डॉक्टरांनी गाडी पाठवली होती तरी गेले नव्हते. मला म्हणाले, “चल. लिहायला कुणीतरी लागेल.” रस्ताभर ती फळी त्यांनी काखेत धरली होती. मी मागितली तर दिली नाही. माझ्या हातात द्यायची सोय मी ठेवली नव्हती.

मावशीनं दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि आत जाऊन आईला पाठवलं. आई पॅसेजमध्ये उभी राहिली. ठीकठाक दिसत होती. बाबा मात्र अकरा वर्षांत बरेच वाळले होते, ते मला तिच्या चेहऱ्याकडे बघून कळलं.

“माप घ्यायला आलोय,” बाबा म्हणाले. “तू येणार नाही म्हणालीस म्हणून.”

“मी येणार नाही म्हणाले होते,” आई म्हणाली. “तुम्ही येऊ नका असं कधी म्हणाले?”

बाबांनी यावर बराच विचार केला. “नाही म्हणालीस,” ते म्हणाले.

आई खुर्चीत बसली. बाबा खाली बसले, त्यांचे गुडघे कडाडले. मी बाजूला स्टुलावर कागद घेऊन. त्यांनी डाव्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला आणि सवयीनं आत हात घातला. हात आतच थांबला. मग त्यांनी आतून फडक्याची घडी बाहेर काढली. तिच्याखालून जाड लोकरीचा कापलेला तुकडा निघाला. त्याच्याखाली कसल्यातरी खोक्याचा पुठ्ठा, पायाच्या आकाराचा. बाबांनी तिन्ही वस्तू फरशीवर एकीपुढे एक मांडल्या.

“हे काय आहे?”

“भर,” आई म्हणाली.

“कधीपासून?”

“फडकं तिसऱ्या वर्षीपासून. लोकर नंतर. पुठ्ठा यंदाचा.”

मी दर महिन्याला त्या घरी जाते. चहा पिते, तक्रारी करते, तिच्या समोर बसते. बूट करणाऱ्याची मुलगी मी, बूट स्वतःच्या हातानं शिवते, आणि अकरा वर्षांत एकदाही तिच्या बुटात हात घालून बघितलं नाही. मला स्वतःची लाज वाटली.

बाबांनी माप सुरू केलं. एक एक आकडा सांगत होते, मी लिहीत होते. लांबी, टाच, घोटा. पायाच्या रुंद भागाभोवती टेप फिरवली आणि आकडा सांगितला नाही. टेप काढली, पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा फिरवली.

“दोनशे सहा,” ते म्हणाले.

मी लिहिलं.

“फाईलमध्ये दोनशे बावीस होतं,” ते म्हणाले. “हा एक आठवतो, कारण हा मीच बदलत होतो. तू गेलीस तेव्हा दोनशे बारा होता. वय झालं की पाय पसरतो. सगळ्यांचा पसरतो. तुझाही पसरत असणार, असं धरून दर वर्षी एक मिलिमीटर वाढवत होतो. तुला चावू नये म्हणून.”

एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आईनेही ऐकलं नसावं, कारण ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

“उजवा पसरला,” ती म्हणाली. “उजवा दर वर्षी इतका बरोबर यायचा की मला वाटायचं, यांना तिथे बसून कसं कळतं? म्हणून डावा सैल झाला तेव्हा मी म्हटलं, बूट चुकायचा नाही. माझाच पाय आटतोय.”

“आटलाय,” बाबा म्हणाले. “मोडलेला पाय आटतो. हे मला कळायला हवं होतं. दोनशे बाराचे दोनशे सहा. सहा मिलिमीटर तुझे.”

“आणि बाकीचे?”

“दहा माझे.”

आत मावशीनं नळ सोडला होता, तो बंद केला. मी पुटपुटले, “म्हणजे मी घालवली ती फाईल चुकीचीच होती.” बाबांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, “तुझी चूक त्यानं कमी होत नाही.” ते बरोबरच होतं. पण माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

“सांगायचंस,” बाबा आईला म्हणाले. “घाई दर महिन्याला येते. चिठ्ठी द्यायचीस.”

“तुम्ही विचारायचंत. घाई दर महिन्याला परत जायची ना?”

बाबांनी टेप जमिनीवर ठेवली आणि तिचा पाय फळीवरून अलगद उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला, टाच तळहातात. तसेच बसून राहिले.

“उद्या तिकडे जा,” ते शेवटी म्हणाले. “ते मशीन अर्धा मिलिमीटरसुद्धा चुकत नाही म्हणतात. मी दहा चुकलो. इतकी वर्षं तू फडक्या-पुठ्ठ्यावर चाललीस.”

“ते मशीन विचारतं का, कुठे दुखतं?”

“नाही. त्याला लागत नाही विचारायला.”

“मग मला नको ते,” आई म्हणाली. “तुम्ही विचारा.”

बाबांनी मान वर केली. मग त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवून हलकेच दाबलं.

“इथे?”

“थोडं.”

“इथे?”

“तिथे नाही.”

“इथे?”

“तिथे रोज. संध्याकाळी जास्त. गेल्या हिवाळ्यात तर रात्री झोपच लागायची नाही.”

बाबांनी बोट तिथून उचललं नाही. “लिही,” ते मला म्हणाले, आणि तिला म्हणाले, “अजून सांग.”

आई सांगत गेली. आधी पायाचं सांगितलं, मग जिन्याचं, मग मावशीच्या घरातल्या थंड फरशीचं. बाबा मध्येच विचारत होते, कधीपासून, किती वेळ, मग तू काय केलंस. माझं पान भरलं. मी दुसरं घेतलं.